कोफॅक्स की कर्शॉ? भांडण ऑक्टोबरचं आहे

27 ऑक्टोबर 2025 च्या रात्री बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना बाराव्या इनिंगमध्ये रेंगाळला होता. तिन्ही बेसवर टोरंटोचे खेळाडू, दोघे बाद. अशा वेळी डॉजर्सनी चेंडू दिला तो सप्टेंबरमध्येच निवृत्ती जाहीर केलेल्या 37 वर्षांच्या क्लेटन कर्शॉच्या हातात. त्याने समोरचा एक बॅटर बाद केला आणि तो डगआउटमध्ये परतला. अठराव्या इनिंगमध्ये सामना जिंकला गेला, पुढे किताबही आला. अठरा मोसम एकाच संघाकडून खेळलेल्या पिचरने कारकिर्दीत बाद केलेला हा शेवटचा माणूस.

तेव्हापासून लॉस एंजेलिसमध्ये जुनंच भांडण नव्या जोमाने सुरू झालं आहे. डॉजर्सचा सर्वकालीन श्रेष्ठ पिचर कोण, सँडी कोफॅक्स की कर्शॉ? दोघेही डावखुरे, दोघांचाही कर्व्हबॉल दंतकथा झालेला, दोघांकडे तीन-तीन साय यंग (मोसमातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) आणि एक-एक एमव्हीपी. म्हणजे भांडायला सगळी सोय आहे.

आकड्यांनी निकाल लागेल असं वाटतं, पण तो लागत नाही. कर्शॉचे 223 विजय, 3052 स्ट्राइकआउट आणि 2.53 चा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावा). 1920 नंतरच्या स्टार्टरांमध्ये इतकी लांब कारकीर्द करून इतका कमी ईआरए कोणीच राखलेला नाही. कोफॅक्सचे विजय 165 आणि ईआरए 2.76. शिवाय कोफॅक्सची पहिली सहा वर्षं अगदी बेताची, 36 विजय आणि 40 पराभव. मग 1962 ते 1966 अशी सलग पाच वर्षं लीगमधला सर्वांत कमी ईआरए त्याचाच. आणि कोपराच्या संधिवातामुळे तिशीत खेळ संपला.

कर्शॉवाले इथे हमखास माउंड काढतात, आणि त्यात तथ्य आहे. कोफॅक्स ज्या माउंडवरून टाकायचा तो 15 इंच उंच असे. 1963 मध्ये स्ट्राइक झोनही वाढवला गेला. पिचर इतके शिरजोर झाले की 1969 पासून माउंड 10 इंचांवर आणावा लागला आणि झोनही आखडता घेतला गेला. काळ आणि मैदान हिशेबात धरून काढलेला ईआरए प्लस पाहिला (त्यात सरासरी पिचर 100 वर), तर कोफॅक्स 131 वर आणि कर्शॉ दीडशेच्या पुढे. फरक किरकोळ नाही.

पण कोफॅक्सवाल्यांचं एक उत्तर मला कधीच खोडता आलेलं नाही. कोफॅक्सने 1966 च्या एका मोसमात 27 सामने पहिल्यापासून शेवटपर्यंत टाकले. कर्शॉने अख्ख्या कारकिर्दीत 25. एप्रिल 2022 मध्ये मिनेसोटात त्याने सात इनिंग एकालाही बेसवर पोचू दिलं नव्हतं, फक्त 80 चेंडू झाले होते, तरी व्यवस्थापक डेव्ह रॉबर्ट्सनी त्याला काढलं. हाताची काळजी म्हणून. कर्शॉने तक्रारही केली नाही. कोफॅक्सचं कोपर सुजायचं, इंजेक्शनं घेऊन तो पुन्हा उभा राहायचा. त्याला शौर्य म्हणायची पद्धत आहे. मला तो निव्वळ निष्काळजीपणा वाटतो.

आता ऑक्टोबर. कर्शॉविरुद्धचं खरं आरोपपत्र इथलंच. वर्ल्ड सिरीजमध्ये कोफॅक्सचा ईआरए 0.95. 1965 मध्ये योम किप्पूरच्या दिवशी त्याने पहिला सामना टाकायला नकार दिला आणि दोनच दिवसांच्या विश्रांतीवर सातवा सामना एकही धाव न देता जिंकून दिला. याउलट प्लेऑफमध्ये कर्शॉचा ईआरए साडेचारच्या आसपास. 2014 मध्ये सेंट लुईसच्या मॅट अॅडम्सने सातव्या इनिंगमध्ये मारलेला होमर, 2019 मध्ये वॉशिंग्टनच्या रेंडन आणि सोटो यांनी लागोपाठ मारलेले दोन. ही नावं डॉजर्सच्या चाहत्यापुढे काढू नयेत.

मात्र आरोपी तिथे कसा उभा केला गेला, हेही बघायला हवं. 2013 ते 2016 अशी चार वर्षं, दर वेळी पहिल्याच फेरीत, डॉजर्सनी त्याला तीन दिवसांच्या विश्रांतीवर उतरवलं. 2016 मध्ये तर एका दिवसाच्या विश्रांतीवर शेवटचे दोन बाद मिळवायला तोच आला, आणि त्याने ते मिळवले. मागच्या रिलीव्हरांवर भरवसा नव्हता म्हणून थकलेल्या कर्शॉला सातवी इनिंगही टाकायला लावायची, आणि तिथे तो फुटला की ‘ऑक्टोबरमध्ये कच खातो’ म्हणायचं. 2017 ची ह्यूस्टनविरुद्धची वर्ल्ड सिरीज तर विचारूच नका. समोरचा संघ त्या मोसमात कॅमेऱ्यातून खुणा चोरत होता हे नंतर सिद्धच झालं. 2020 मध्ये टॅम्पा बेविरुद्ध त्याने दोन सामने जिंकून दिले, तेही घरापासून जवळच्या आर्लिंग्टनमध्ये. तरी डाग पुसला गेला नाही. त्याची प्लेऑफची एकूण कामगिरी 200 इनिंगच्या आतबाहेर, म्हणजे एका मोसमाएवढी. तेवढ्यावरून अठरा मोसम झाकोळावेत हे मला पटत नाही.

एका सामन्यावर घर गहाण असेल तर मी 1965 चा कोफॅक्स निवडेन, यात दुमत नाही. पण संघाच्या इतिहासातली जागा ही एका सामन्याची गोष्ट नव्हे. आणि तसं म्हटलं तर पहिली जागा या दोघांची नाहीच. 1947 मध्ये, डॉजर्स ब्रुकलिनमध्ये असताना, आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन उतरला तेव्हाच ती भरली. मेक्सिकन पिचर फर्नांडो वालेन्झुएलाचं काय करायचं, हाही प्रश्न उरतोच. त्याचे आकडे या दोघांच्या जवळपासही नाहीत. पण जिथली मेक्सिकन वस्ती हटवली गेली आणि पुढे डॉजर स्टेडियम उभं राहिलं, त्याच मैदानावर 1981 मध्ये त्याने मेक्सिकन कुटुंबांना परत आणलं. हॉल ऑफ फेममध्ये नसूनही क्लबने 2023 मध्ये त्याचा 34 क्रमांक सन्मानाने निवृत्त केला.

कर्शॉचा 22 क्रमांकही यथावकाश तिथे जाईल, त्यासाठी कोणी भांडणार नाही. माझं मत कर्शॉला: डॉजर्सचा पिचर म्हणून पहिला तोच, कोफॅक्स दुसरा. कोफॅक्सवाल्यांनी पत्रं जरूर पाठवावीत, पण 0.95 चा आकडा टाकताना त्याच सगळ्या वर्ल्ड सिरीज मिळून तो चार जिंकून तीन हरला होता, हेही लिहावं. धावा न करणाऱ्या बॅटरांचा राग पिचरवर काढायची खोड तेव्हाही होतीच.