पाणी जाते कुठे?

आंबोलीचा घाट चढताना मामांच्या टॅक्सीचे इंजिन तापू लागले. रेडिएटर रोज तांब्याभर पाणी पिई. गाडीखाली मात्र थेंब नसे. मामा पाणी ओतून भाडी मारत राहिले. मी कॉमर्सचा विद्यार्थी. विचारले, हा खर्च कोणत्या खात्यावर?

मेस्त्री म्हणाले, बाहेर गळत नाही ते आत गळते. हेड गॅस्केट फुटले की पाणी सिलिंडरमध्ये शिरते आणि सायलेन्सरमधून पांढरी वाफ होऊन निघते. थंडीत सकाळी थोडी वाफ सगळ्याच गाड्या सोडतात. इंजिन तापल्यावरही ती थांबत नसेल तर संशय घ्यावा. पाणी ऑइलमध्ये उतरले तर डिपस्टिकवर दुधाच्या चहाचा रंग दिसतो. मग गाडी हलवूच नये, बेअरिंगे जातात. (रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नका. मामांच्या मनगटावर डाग आहे.)

आमच्या ऑइलचा रंग ठीक होता. मेस्त्रींनी चारही प्लग काढले. तीन काळपट, एक धुतल्यासारखा लख्ख. खर्च तिथे पडत होता.