बदलीचा आदेश आणि अकरावीचा अर्ज

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण बदल्या 2005च्या बदली कायद्यानुसार एप्रिल-मे महिन्यांत होतात. दहावीचा निकालही आता मे महिन्यातच लागतो. 2025 साली तो 13 मे रोजी लागला. त्यामुळे नाशिक किंवा पुण्याहून अकोल्याला, अमरावतीला बदली झालेल्या घरात सगळं एकाच वेळी येऊन पडतं. सामानाचा ट्रक ठरवायचा, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात भाड्याचं घर बघत फिरायचं आणि त्याच आठवड्यात पोरीचा अकरावीचा अर्ज भरायचा.

अशा वेळी ओळखीच्या माणसाला पहिला फोन जातो तो बहुधा एकाच प्रश्नासाठी : अकोल्यात क्लास कुठला चांगला? कॉलेजचं नंतर बघू. मला हा क्रमच चुकीचा वाटतो.

अकोल्याचा दबदबा खरा आहे, हे आधी मान्य करायला हवं. नीट आणि जेईईच्या तयारीसाठी बुलढाणा, वाशीम, यवतमाळकडची मुलं वर्षानुवर्षं इथं येतात. तोष्णीवाल लेआउट, जठारपेठ भागात संध्याकाळी चक्कर मारा. सायकली, स्कूट्या, मेसचे डबे, खोली भाड्यानं देण्याच्या पाट्या आणि चौकाचौकांत गुणवंतांच्या फोटोंचे फ्लेक्स. शिकवणारे मेहनती आहेत, मुलंही जीव तोडून अभ्यास करतात. पण याच गल्ल्यांमध्ये पालकांच्या कानावर एक वाक्यही पडतं : ‘‘कॉलेजचं टेन्शन नका घेऊ भाऊ, तिथं फक्त नाव टाकून ठेवा, पोट्टं दिवसभर आमच्याकडंच राहीन.’’ नव्या गावात कुणी ओळखीचं नसलेल्या पालकाला हे ऐकून हायसं वाटतं. इथंच सावध व्हायला हवं.

बारावी विज्ञानाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या प्रत्येक विषयाचे 70 गुण लेखी आणि 30 प्रात्यक्षिकाचे असतात. नुसतं नाव टाकलेल्या मुलाच्या हातात ब्युरेट पहिल्यांदा येते ती प्रात्यक्षिक परीक्षेच्या आसपास. शेवटच्या थेंबाला फिका गुलाबी रंग येतो की नाही, हे त्यानं फळ्यावर वाचलेलं असतं, पाहिलेलं नसतं. तोटी जरा जास्त फिरली की द्रावण गर्द गुलाबी होतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. गुण एकवेळ मिळतीलही; पण ज्या मुलाला पुढं डॉक्टर किंवा इंजिनियर व्हायचंय, त्याची दोन वर्षं प्रयोगशाळेबाहेर जावीत हे मला पटत नाही. शिवाय बारावीचे गुण प्रवेशाच्या दारावर आजही विचारले जातातच. एनआयटी, आयआयटीसाठी खुल्या वर्गाला बारावीत 75 टक्के हवेत किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं. नीटनंतर एमबीबीएसला जायचं तर खुल्या वर्गाला भौतिक, रसायन, जीव मिळून 50 टक्के लागतात. एमएचटी-सीईटीचा तर साधारण 80 टक्के भाग बारावीच्या अभ्यासक्रमावर आणि 20 टक्के अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो, म्हणजे वर्गात जे शिकवतात तेच. सरकारनं 2018 साली विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तो क्लास आणि कॉलेजच्या याच ‘टाय-अप’ला आळा घालण्यासाठी.

आणि वऱ्हाडात चांगल्या कनिष्ठ महाविद्यालयांची वानवा नाही. पापळसारख्या खेड्यातून अमरावतीच्या हिंदू हायस्कूलपर्यंत शिकायला आलेल्या पंजाबराव देशमुखांनी पुढं खेड्यातल्या मुलांसाठी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. शिक्षणासाठी गाव सोडून अमरावतीला येणं ही इथली जुनी वहिवाट आहे. आज अमरावतीत श्री शिवाजी विज्ञान, ब्रिजलाल बियाणी, विद्याभारती आणि अकोल्यात श्री शिवाजी, आर. एल. टी. ही जुन्या संस्थांची महाविद्यालयं आहेत. अशा जुन्या संस्थांमधल्या अनुदानित तुकड्यांना शिक्षकांचा पगार सरकार देतं, म्हणून फी किरकोळ असते. तरी नावावर जाऊ नका. एकदा दुपारी बारा वाजता स्वतः जाऊन या. अकरावीचा वर्ग भरलेला आहे का, प्रयोगशाळेत मुलं उभी आहेत का, फळ्यावरची तारीख आजची आहे का, एवढं पाहिलं तरी पुरतं. मात्र विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, त्यामुळे मे महिन्यात आलेल्याला भरलेला वर्ग दिसणार नाही. मग आताच बारावी झालेल्या दोन-तीन मुलांना गाठून विचारा. मुलं खरं सांगतात.

आता अर्ज. अमरावती शहरात ऑनलाइन केंद्रीय प्रवेश बऱ्याच वर्षांपासून आहे, अकोल्यासह सगळ्या राज्यात तो 2025-26 पासून आला. एक ते दहा पसंतीक्रम देता येतात. इथं एक गोष्ट नीट पाहावी. एकच महाविद्यालय यादीत चार-चार ओळींत दिसतं : अनुदानित, विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित, शिवाय माध्यम वेगळं. नाव तेच, फी मात्र जमीन-अस्मान. घाईत चुकीची ओळ निवडली आणि तीच पहिली पसंती म्हणून मिळाली, तर प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मूल बाहेर. म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच टाका, जे मिळालं तर खरंच आनंद होईल.

आणि बदलीवर आलेल्या पालकांना सहसा माहीत नसलेली एक तरतूद : बदलीनं आलेल्या केंद्र, राज्य आणि खाजगी क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांच्या पाल्यांसाठी या प्रवेशात समांतर आरक्षण आहे. आजी-माजी सैनिक वगैरे गटांसह मिळून ते 5 टक्के आहे. बदलीचा आदेश आणि रुजू झाल्याचा अहवाल ट्रंकेच्या तळाशी जाऊ देऊ नका, हाताशी ठेवा.

मूल केंद्रीय विद्यालयात शिकत असेल तर अमरावती आणि अकोला दोन्हीकडं केंद्रीय विद्यालय आहे. अकरावीला आधी त्यांच्याच विद्यार्थ्यांना जागा देतात, उरलेल्या इतरांना. सीबीएसईतून राज्य मंडळात यायलाही अकरावी हाच सोयीचा टप्पा. बारावीत बोर्ड बदलणं मुलाला जड जातं.

अमरावती की अकोला, या वादात फार वेळ घालवू नये असं माझं मत आहे. दोन्ही जिल्हे एकाच अमरावती विभागीय मंडळात आणि एकाच संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात, त्यामुळे अभियांत्रिकीला जिथं गृह विद्यापीठाचा कोटा लागू असतो तिथंही या दोन शहरांत फरक पडत नाही. वैद्यकीयचा जुना 70:30 प्रादेशिक कोटा 2020 साली रद्द झाला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अकोल्यात 2002 पासून आहे, अमरावतीलाही 2024 पासून 100 जागांचं सुरू झालं. जिथं आईवडिलांपैकी एक जण रोज रात्री घरी असेल, ते शहर निवडावं. दोन शहरांत शंभरेक किलोमीटरचं अंतर आहे आणि मूर्तिजापूरवरून जाणाऱ्या या महामार्गावर 2022 साली 75 किलोमीटरचं डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत करून विक्रम झाला, तेव्हापासून प्रवासाचा त्रास पुष्कळ कमी झालाय. अमरावतीलगतच्या बडनेऱ्याहून अकोल्याला गाड्याही भरपूर. वडिलांनी ये-जा करावी. सोळा वर्षांच्या पोरानं रोज दोनशे किलोमीटर करून वर क्लासला बसू नये.

मधेच पुन्हा बदली झाली तर? अकरावी संपताना झाली तर बारावीला महाविद्यालय बदलण्यासाठी शिक्षण विभागाची परवानगी लागते आणि पालकाची बदली हे कारण ग्राह्य धरलं जातं. बारावीचं वर्ष सुरू झाल्यावर झाली तर मात्र मुलाला हलवू नका. आई किंवा वडील, कुणीतरी एकानं फेब्रुवारी-मार्चपर्यंत तिथंच राहावं. घरभाडं दोन ठिकाणी जाईल, कुटुंब काही महिने विभागलं जाईल. अनेक घरांनी हे केलंय आणि त्यांची मुलं आपल्याच वर्गात, आपल्याच प्रयोगशाळेत परीक्षेला उभी राहिलीत.