पितळेची पुंगळी आणि रानमांजरी काडतुसे

रायफलीची गोळी सुटली की पाहणाऱ्यांचे लक्ष निशाणाकडे धावते. मागे उरलेली रिकामी पुंगळी जमिनीवर पडते आणि बहुधा तेथेच राहते. वास्तविक त्या निमिषमात्रात सर्वांत अवघड कामगिरी या पुंगळीनेच पार पाडलेली असते. अमेरिकेच्या सैन्याने १९०६ साली स्वीकारलेले ‘थर्टी-ऑट-सिक्स’ हे काडतूस घ्या. दारू पेटल्यावर त्यात निर्माण होणाऱ्या दाबाची मान्य मर्यादा दर चौरस इंचाला साठ हजार पौंडांच्या घरात, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या सुमारे चार हजार पट आहे. हा प्रचंड दाब आणि नेम धरणाऱ्याचा गाल यांत अंतर असते ते वितीएवढे. नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसण्यासाठी जे घर कोरलेले असते, त्याच्या भिंतींना पुंगळी फुगून घट्ट चिकटते आणि तप्त वायूंना मागे फिरू देत नाही. दाब ओसरताच ती पुन्हा किंचित आकसते. म्हणूनच ती सहज बाहेर काढता येते. फुगावे, पण फाटू नये. आणि आकसावे, पण फार नव्हे, असा हा दुहेरी धर्म सांभाळणारा धातू म्हणजे पितळ.

काडतुसाच्या पितळेत सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असते. या पितळेची चकती दाबून प्रथम वाटी करतात, आणि ती वाटी साच्यांतून पुनःपुन्हा ओढून लांब, पातळ भिंतीची नळी बनवतात. पण थंड पितळ जितके ओढावे तितके ते कठीण होत जाते. म्हणून दोन ओढींच्या मध्ये त्याला भट्टी दाखवून मऊ करावे लागते. पुण्याच्या तांबट आळीत हेच तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या हातोडीने गिरवले गेले आहे. घडण चालू असता भांडे तापवून मऊ करायचे आणि अखेरीस मठारकाम करून त्याला काठिण्य आणायचे, हे तांबटाला कोणत्याही प्रयोगशाळेने शिकवलेले नाही. पोलादाहून पितळेची रीत निराळी आहे, हेही त्याला ठाऊक असते. तापलेले पोलाद पाण्यात बुडवले तर कडक होते; तापलेले पितळ बुडवले तरी मऊच राहते.

पुरी झालेली पुंगळी सर्वत्र सारखी नसते. तिचे बूड कठीण ठेवलेले असते, कारण तेथे बंदुकीच्या भिंतीचा पुरता आधार नसतो. मान मात्र मऊ असते, कारण तिला गोळी धरून ठेवायची असते आणि दर खेपेस फुगायचे असते. कठीण बूड आणि मऊ मान हा भेद ज्याला उमगला, त्याला पुढची सारी विद्या अर्धी आलीच म्हणायची.

ही पुढची विद्या अमेरिकेत फोफावली. तेथील हौशी नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या जमवतात, त्यांत नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी घालून त्या पुन्हा भरतात. त्यांतल्या काहींचे समाधान तेवढ्यावर होईना. कारखान्यात जे काडतूस मिळत नाही ते आपणच घडवावे, या ईर्षेने त्यांनी तयार पुंगळीचाच आकार बदलण्यास आरंभ केला. अशा कारखानाबाह्य काडतुसांना तिकडे ‘वाइल्डकॅट’, म्हणजे रानमांजर, असे नाव पडले. त्यांतली काही मांजरे पुढे माणसाळलीही. १९२० साली नीडनर या बंदूकसाजाने थर्टी-ऑट-सिक्सची मान आवळून तीत ०.२५७ इंच व्यासाची गोळी बसवली. हे काडतूस जवळजवळ अर्धशतक हौशी लोकांच्याच हाती राहिले आणि १९६९ साली रेमिंग्टन कंपनीने ते आपल्या यादीत दाखल केले. ‘ट्वेंटीटू-टूफिफ्टी’ हेही असेच एक रानमांजर. त्याला त्याच कंपनीने १९६५ साली घरात घेतले.

आकार बदलण्याची क्रिया ऐकायला सोपी वाटते. पुंगळीला बाहेरून बेताचे तेल लावून ती पोलादी साच्यात दाबली की मान आवळते. परंतु मान आवळली म्हणून तिच्यातले पितळ नाहीसे होत नाही. परीघ घटतो आणि भिंत जाड होते. अशा जाड मानेत गोळी बसवली तर घरात फुगायला तिला जागाच उरत नाही. गोळी चटकन सुटत नाही आणि दाब भलतीकडे चढतो. म्हणून मानेची जाडी मोजून ती आतून किंवा बाहेरून तासावी लागते, लांबीही छाटावी लागते. फार अरुंद मान हवी असेल तर एका दमात आवळून भागत नाही, तिला सुरकुत्या पडतात. एकामागून एक लहान होत जाणारे साचे वापरावे लागतात. मधूनमधून मानेला ज्योत दाखवून ती मऊ करावी लागते. मात्र ही आच बुडापर्यंत पोहोचता कामा नये. जुने कारागीर त्यासाठी पुंगळ्या ताटलीतल्या पाण्यात निम्म्या बुडवून उभ्या करीत आणि वरच्या भागालाच ज्योत लावीत. बूड एकदा मऊ झाले की ती पुंगळी कायमची निकामी. तिला पुन्हा कठीण करण्याचा घरगुती उपाय नाही, आणि बाहेरून पाहून तिचा दोष ओळखताही येत नाही.

दुसरी रीत याच्या उलट आहे. बंदुकीतले घर थोडे मोठे कोरून घ्यायचे आणि मूळचेच काडतूस त्यात उडवायचे. दारूचा दाबच पुंगळीला नव्या घराचा आकार देतो. पार्कर ॲक्ली या अमेरिकन बंदूकसाजाने ही पद्धत विशेष लोकप्रिय केली. मानेखालचा उतरता खांदा अधिक उभा करून त्याने पुंगळीच्या पोटात दारूला जास्त जागा मिळवली. येथे मेख अशी की, पहिल्या बाराच्या वेळी पुंगळी घरात घट्ट टेकलेली असली पाहिजे. ती मागेपुढे सरकत असेल तर पुढचा भाग भिंतीला चिकटतो, बूड मागे ढकलले जाते आणि बुडाच्या जरा वर पितळ ताणून पातळ होते. तेथे ती आज नाही तर चौथ्या-पाचव्या बाराला तुटते. आणखी एक धोका निव्वळ अक्षरांचा आहे. साचा आकार बदलतो, पण बुडावरचा कारखान्याचा ठसा तसाच राहतो. नाव एक आणि अंगी गुण दुसरे, असे काडतूस तयार होते. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याविना दारूगोळा बनवता येत नाही, त्यामुळे हा छंद येथे रुजण्याचा प्रश्नच आला नाही.

तरीही या कथेत भारताचा वाटा लहान नाही. ब्रिटिश सैन्याने १८७१ साली स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीचे काडतूस ‘५७७/४५०’ या जोडनावाने ओळखले जाई. स्नायडर बंदुकीच्या ५७७ मापाच्या काडतुसाला गळा पाडून त्यात ४५० ची गोळी बसवली, असा त्या नावाचा अर्थ. पुढे ४५० मापाचा दारूगोळा बंडखोरांच्या हातांतील जुन्या मार्टिनींना उपयोगी पडेल, या धास्तीने १९०७ च्या सुमारास सरकारने भारतात आणि सुदानमध्ये त्या मापावर बंदी घातली. इंग्रज बंदूकसाजांनी त्यावर लगेच तोड काढली. हॉलंड अँड हॉलंड यांनी पाचशे मापाच्या पुंगळीची मान आवळून ‘५००/४६५’ हे नवे काडतूस बाजारात आणले. कायद्याला बगल देण्यासाठी पितळेची मान आवळली गेल्याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

पण सर्वांत मोलाचा धडा भारताच्या पावसाळ्याने दिला. पावसाळ्यात लष्करी हालचाली मंदावत आणि काडतुसे घोड्यांच्या पागांत साठवून ठेवीत. ऋतू पालटल्यावर पेट्या उघडाव्यात तर कित्येक पुंगळ्या, कोणी हात न लावता, गोळीला आवळून धरणाऱ्या मानेपाशी चिरलेल्या आढळत. या दुखण्याला इंग्रजांनी ऋतूवरूनच ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव दिले. त्याचा उलगडा मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा संशोधकांनी १९२१ साली केला. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर बसे. परंतु एकटा अमोनिया हे करू शकत नव्हता. थंड असता ओढलेल्या, आवळलेल्या पितळेत जो ताण कोंडून राहिलेला असतो, त्याच्या साहाय्याने अमोनिया धातूच्या कणाकणांच्या सीमारेषांत शिरे आणि त्यांना विलग करी. ताण नसलेले पितळ त्याच पागेत सुखरूप राहिले असते.

उपाय आचेचाच निघाला. पितळ मऊ करायचे तर आच बरीच लागते. नुसता कोंडलेला ताण सोडवायला अडीचशे-तीनशे अंश सेल्सियस पुरतात, आणि तेवढ्याने काठिण्य फारसे घटतही नाही. पुंगळीच्या मानेला मात्र कारखाने अखेरची अधिक आच देतात. तिची निळसर-तपकिरी झाक बाजारी काडतुसांवरून घासून काढतात. लष्करी काडतुसांवर ती मुद्दाम राहू देतात, म्हणजे मानेला आच लागली आहे हे तपासनिसाला पेटी उघडताच दिसते.