केमोनंतर चाला
मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली, केमो संपली, की घरचे सांगतात, ‘आता आराम कर.’ 2025 साली प्रसिद्ध झालेली ‘चॅलेंज’ चाचणी वेगळं सांगते. मुख्यतः कॅनडा-ऑस्ट्रेलियातल्या 889 रुग्णांपैकी निम्म्यांना आरोग्याची माहितीपुस्तिका मिळाली. उरलेल्यांना त्यासोबत तीन वर्षं प्रशिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली व्यायाम. व्यायाम तरी कसला? अनेकांसाठी आठवड्यातून तीन-चारदा पाऊण तास भरभर चालणं! आठ वर्षांनंतर जगण्याचं प्रमाण व्यायाम गटात 90 टक्के, दुसऱ्यात 83. दोन्ही गटांच्या वजनात मात्र फारसा फरक नव्हता. त्यामुळे काटा हलत नाही म्हणून चालणं सोडू नका. स्नायू-सांध्यांची दुखणी थोडी वाढतात, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा. आणि घरच्यांनो, तुम्हीही सोबत निघा.