मिठातील बंध

सोडियम हा सुरीने कापता येईल इतका मऊ धातू. मात्र पाण्याशी संपर्क येताच तो भडकतो, म्हणून त्याला रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. क्लोरीन हा हिरवट-पिवळा विषारी वायू. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी, जर्मन सैन्याने बेल्जियममधील ईप्र शहराजवळ तो शत्रूवर सोडला होता. या दोन घातक मूलद्रव्यांच्या संयोगातून रोजच्या जेवणातले मीठ कसे तयार होते?

सोडियमच्या अणूतील ११ इलेक्ट्रॉन २, ८, १ अशा क्रमाने कवचांत असतात. क्लोरीनच्या १७ इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, ७ अशी असते. बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन असले की अणूला स्थैर्य लाभते. म्हणून सोडियम आपला एकुलता इलेक्ट्रॉन देतो आणि क्लोरीन तो स्वीकारतो. सोडियमवर धन, तर क्लोरीनवर ऋण प्रभार येतो. या विरुद्ध प्रभारांतील आकर्षण म्हणजेच आयनिक बंध.

मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन असतात आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. ही पकड इतकी घट्ट असते, की मीठ वितळण्यास सुमारे ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते.

पाणी मात्र हे आयन सहज विलग करते. पण विलग झाले, तरी ते आयनच राहतात. त्यांच्यापासून पुन्हा धातू आणि वायू मिळवण्यासाठी वितळलेल्या मिठातून वीज सोडावी लागते. म्हणूनच आमटीत विरघळलेले मीठ ना भडकते, ना घसा जाळते. ते केवळ चव देते.