अश्वत्थाम्याची जखम

दिवाळीत आपल्या नंदुरबारकडची पुष्कळ माणसं सातपुड्यात अस्तंब्याच्या यात्रेला जातात. अस्तंबा म्हणजे अश्वत्थामा. तो अजून जिवंत आहे, कपाळावरच्या जखमेला तेल मागत फिरतो, असं माझी आजी सांगायची. ती जखम झाली कशी, हे तेव्हा मी विचारलं नाही. गेल्या वर्षी एका गटात जे घडलं, त्यानंतर मी ती सगळी गोष्ट वाचून काढली.

ती सुरू होते दोन मित्रांपासून. द्रोण आणि द्रुपद एकत्र शिकले. द्रुपद राजा झाला, द्रोण गरीब राहिला. जुन्या मैत्रीच्या भरवशावर तो दारी गेला, तर द्रुपदाने ओळखच नाकारली. द्रोणाने ते मनात धरलं. शिष्यांकडून द्रुपदाला पकडून आणवलं आणि अर्धं राज्य घेतलं. मग द्रुपदाने यज्ञ केला, द्रोणाला मारणारा मुलगा हवा म्हणून. त्यातून धृष्टद्युम्न आला, आणि त्याच यज्ञातून द्रौपदी. बघा, आपली द्रौपदी जन्मलीच सूडाच्या आगीतून.

पुढे युद्धात भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला आणि अश्वत्थामा मेला अशी आरोळी दिली. धर्मराजानेही होकार भरला, हत्ती हा शब्द मात्र हळूच उच्चारला. मुलगा गेला असं वाटून द्रोणाने शस्त्र खाली ठेवलं आणि धृष्टद्युम्नाने त्याचं मुंडकं उडवलं. अश्वत्थाम्याचा राग खोटा नव्हता. त्याच्या बापाला खरंच दगा झाला होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण फसवलेल्या बाईला आपण लगेच ‘जाऊ दे, विसर’ म्हणून गप्प करतो.

युद्ध संपत आलं त्या रात्री तो वडाखाली जागा होता. एका घुबडाने झोपलेले कावळे मारताना त्याने पाहिलं, आणि तेच मनात घेतलं. त्याचे मामा कृपाचार्य म्हणाले, आज झोप, सकाळी धृतराष्ट्र, गांधारी आणि विदुराला विचारू. मला सगळ्या महाभारतात हा सल्ला फार आवडतो. रात्री ठरवू नको, आणि एकट्याने ठरवू नको. त्याने ऐकलं नाही. रात्रीच छावणीत शिरला. धृष्टद्युम्नाला मारलं, आणि झोपलेल्या द्रौपदीच्या पाचही मुलांना. त्या मुलांनी द्रोणाचं काय केलं होतं?

आता द्रौपदी. ही काही मऊ बाई नव्हती. वनवासात तिने नवऱ्यांना अपमान विसरू दिला नाही. महाभारतात ती अन्न सोडून बसते, अश्वत्थाम्याचा जीव मागते, त्याच्या डोक्यावरचा मणी आणा म्हणते. भागवतात गोष्ट वेगळी आहे. तिथे अर्जुन त्याला बांधूनच समोर आणतो, आणि द्रौपदी म्हणते, सोडा याला. मी रडते तशी याची आई रडायला नको.

सप्ताहात हा भाग आला की बायका पदर डोळ्याला लावतात. पण दोन्हीकडे शेवटी एक गोष्ट सारखीच होते. जीव वाचतो, मणी मात्र काढून घेतला जातो. त्याचं बळ त्या मण्यात होतं. म्हणजे द्रौपदीने माफी दिली असेल, पण बळ त्याच्या हातात ठेवलं नाही. घरात मार खाणाऱ्या बाईला ‘माफ कर आणि परत जा’ सांगणाऱ्यांनी हे नीट वाचावं. पोलिसात तक्रार देणं हा सूड नाही.

आता गटातली गोष्ट. अकरा जणी, महिना शंभर रुपये बचत. सचिव सगळ्यांच्या वह्यांत नोंद करायची, पण सहा महिने बँकेत पैसे भरलेच नव्हते. सहा हजार सहाशे रुपये. आम्हाला कळलं त्याच आठवड्यात तिच्या मुलीची सोयरीक जमली होती, आणि ती माझ्या माहेरच्या गावात. एक जण म्हणाली, पाहुण्यांना कळवा तिची आई चोर आहे. फोन मी करणार होते. खोटं कशाला बोलू, नंबर लावलाही होता. रात्रीचे दहा वाजले होते, उचलला नाही कुणी.

सकाळी गटातली सगळ्यात म्हातारी बाई घरी आली. म्हणाली, “ताई, पोरीनं काय खाल्लं आपलं?”

मग बैठक घेतली. पासबुक मोठ्याने वाचलं. ती आधी भांडली, मग रडली. ठराव लिहिला: सचिवपद, शिक्का आणि बँकेत जायचं काम काढून घ्यायचं, दर महिन्याला पाचशे रुपये परत घ्यायचे. तिने अंगठा नाही, सही केली, कारण गटात सही शिकलेली पहिली तीच.

आतापर्यंत सात हप्ते आले, एक चुकला. मुलीचं लग्न वैशाखात झालं. गटातल्या सहा जणी जेवायला गेल्या, चार जणी गेल्या नाहीत, आणि त्यांना मी काही म्हटलं नाही.