पोर रडतंय, म्हणजे दूध पुरत नसेल?

बाळंतिणीला भेटायला येणाऱ्या बायकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दूध पुरतंय ना?" अमरावतीत नागपुरी गेटच्या आतल्या गल्लीत जा की अकोल्यात बैदपुऱ्यात, चौकशी तीच. बाळ जरा किरकिरले की निकालही लागतो, "पोर रडतंय, म्हणजे पुरत नसेल." विचारणाऱ्या खालाचा, फुफीचा हेतू चांगलाच असतो. पण चार दिवसांच्या बाळंतिणीच्या कानावर हे दिवसातून दहा वेळा पडले की तिला ते डॉक्टरचे निदान वाटू लागते. मग मेडिकलमधून पावडरचा डबा येतो. डबा आला की त्याच तोंडातून निघते, "आजकालच्या पोरींना अंगावर पाजायचा कंटाळा!"

हा दुहेरी मार आमच्या घरांत फार जुना आहे, आणि त्यात माहितीपेक्षा टोमणेच जास्त असतात.

बाळ भुकेशिवायही रडते. ओले झाले, उकडले, कुशी हवी झाली तरी रडते. दूध पुरते की नाही हे रडण्यावरून नव्हे, लघवी आणि वजनावरून ओळखावे. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवस-रात्रीत सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत वजन थोडे उतरते, ते साधारण दोन आठवड्यांत भरून येते. सुरुवातीचा चीक थोडाच येतो, पण बाळाचे पोटही तेवढेच असते. तो पिळून टाकून देणे म्हणजे बाळाची पहिली लस फेकून देणे. सिझेरियननंतर दूध उतरायला एखादा दिवस उशीर होऊ शकतो. त्यात आईचा काही कसूर नाही. बाळ जितके चोखते तितके दूध बनते, म्हणून गरज नसताना डबा सुरू केला की दूध खरोखरच कमी होऊ लागते आणि टोमणा खरा ठरतो.

जन्मानंतर तासाभरात पाजावे, सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षे किंवा जास्त पाजावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तासाभरात दूध मिळालेली बाळे देशात 41.8 टक्के निघाली. सहा महिन्यांच्या आतली, फक्त आईच्या दुधावर असलेली बाळे 63.7 टक्के. उरलेल्या सगळ्या आया कंटाळखोर आहेत, असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

येथे ह. उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतली एक रिवायत आठवते. मदिनेबाहेर व्यापाऱ्यांचा काफिला उतरला होता. ह. उमर आणि ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) रात्री पहारा देत होते. एक बाळ सारखे रडत होते. ह. उमर यांनी त्याच्या आईला दोन-तीनदा समजावले. तरी रडणे थांबेना, तेव्हा तिला कठोर शब्दही ऐकवला. समोर खलीफा उभा आहे हे तिला ठाऊक नव्हते. ती म्हणाली, मी याचे दूध तोडते आहे, कारण उमर दूध तुटलेल्या मुलांनाच वजीफा देतात. बाळ काही महिन्यांचेच होते. त्या दिवशी फजरच्या नमाजमध्ये ह. उमर इतके रडले की लोकांना किरअत नीट ऐकू येईना. नंतर त्यांनी फर्मान काढले की मुलाला जन्मापासूनच वजीफा मिळेल, कोणीही घाईने दूध तोडू नये. रागाचा पहिला शब्द आईवर गेला खरा. पण कारण कळताच त्यांनी नियम बदलला.

आमच्या वऱ्हाडातही असे नियम आहेतच, फक्त ते कोणी फर्मान काढून केलेले नाहीत. कापूस वेचणीला किलोवर मजुरी मिळते. ज्या दिवशी वेचले नाही त्या दिवशी पैसा नाही. अकोल्याच्या दालमिलमध्ये रोजंदारीवर जाणाऱ्या बाईचेही तेच. 2017 पासून कायद्याने 26 आठवड्यांची प्रसूती रजा आहे, पण ती पगाराच्या नोकरीतल्या बाईला. वेचणीवाली दीड महिन्यात शेतात उभी राहते आणि बाळ दादीपाशी असते. त्या घरात डबा किंवा म्हशीचे दूध आले, तर तो गुन्हा कोणाचा?

कुरआनने हा विषय सूरह बकराच्या 233 व्या आयतीत किती नरमाईने हाताळला आहे! ज्यांना मुदत पूर्ण करायची आहे त्यांच्यासाठी दोन वर्षे सांगितली आहेत. आईचे अन्न-वस्त्र बापाच्या जिम्मे टाकले आहे. मुलावरून आईला त्रास दिला जाऊ नये आणि बापालाही नाही, असे बजावले आहे. दोघांनी राजीखुशीने, आपसात मसलत करून आधी दूध तोडले तर गुनाह नाही. योग्य मोबदला देऊन दुसरीकडून पाजवले तरी नाही. प्रेषित (स.) स्वतः ह. हलीमा सादिया यांच्या दुधावर वाढले. हनफी फिकहमध्ये पाजणे ही आईची नैतिक जबाबदारी मानली आहे, पण एरवी काजी तिच्यावर सक्ती करत नाही. बाळ दुसऱ्या कोणाचे दूध घेतच नसेल तर गोष्ट वेगळी. आमच्याकडे मात्र मसलतीला सासूबाई, ननंद, शेजारीण सगळ्या असतात आणि ज्याच्यावर खर्च टाकला आहे तो बाप मोबाइल घेऊन ओट्यावर!

डबा द्यायची वेळ आलीच, तर तो नीट द्यावा. अकोल्यात नळाला पाणी रोज येत नाही, ड्रममध्ये साठवावे लागते. हे पाणी उकळूनच वापरावे. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून दूध पातळ करणे बाळाच्या जिवावर बेतू शकते. डब्यावर लिहिलेले माप पाळावे. बाटलीचे बूच घासून साफ करणे कठीण असते. त्यापेक्षा वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले बरे, तेही उकळलेले. म्हशीच्या दुधात पाणी घालून देणे हा वर्षाखालच्या बाळासाठी पर्याय नव्हे. बाळाच्या दुधाची जाहिरात करायला आणि आयांना फुकट डबे वाटायला 1992 च्या कायद्याने बंदी आहे. कोणी भेट म्हणून डबा पुढे केला, तर नाही म्हणायला संकोचू नये.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की दादी हमखास चमचाभर पाणी पाजू पाहते. सहा महिन्यांच्या आत त्याची गरज नसते. आईच्या दुधात बहुतांश पाणीच असते. बाळाला जास्त वेळा पाजावे आणि पाण्याचा तांब्या आईच्या हाताशी ठेवावा. तहनीकसाठी खजुराचा चिमूटभर रस पुरे. मध मात्र वर्ष होईपर्यंत डॉक्टर वर्ज्य सांगतात. जेठानीने किंवा शेजारणीने बाळाला पाजले, तर तिचे नाव आणि तारीख लिहून ठेवावी. रजाअतचे नाते पुढे निकाहच्या वेळी पाहावे लागते. रमजानमध्ये स्वतःला किंवा बाळाला त्रास होण्याची भीती असेल, तर पाजणाऱ्या आईला रोजा पुढे ढकलण्याची सवलत शरीअतने दिलीच आहे. ती घेणारीकडे वाकड्या नजरेने पाहणारे आम्ही कोण?

चिल्ल्याच्या दिवसांत हरीरा आणि डिंकाचे लाडू हौसेने केले जातात. त्यासोबत रात्री एकदा तरी बाळ दुसऱ्या कोणी सांभाळावे, म्हणजे तिला सलग झोप मिळेल. बाळाची लघवी कमी झाली किंवा वजन वाढेना, तर आशाताईला बोलवावे किंवा अमरावतीत डफरीन, अकोल्यात लेडी हार्डिंग गाठावे. आई दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास राहिली, बाळ झोपले तरी तिला झोप लागेना, विनाकारण रडू येऊ लागले, तर तिला नजर लागली म्हणून बसून राहू नये, डॉक्टरांना दाखवावे. आणि त्या दिवशी दवाखान्यात तिच्यासोबत नवऱ्याने जावे.